दोघांत एक बॅगपाइप

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे आणि बेस गिटार वाजवायचे. लिफ्ट बंद पडली की लोक त्यांच्या नावानं शंख करायचे. बेसच्या बाबतीत अशी तक्रार कधी आली नाही.

बेस त्यांच्या गळ्यात पडला तो वयाच्या अडतिसाव्या वर्षी. लिफ्ट कंपनीतल्या हौशी मंडळींनी बँड काढला. गिटार वाजवणारे आधीच चार होते आणि चौघांपैकी एकही मागे हटायला तयार नव्हता. ड्रॉइंग विभागाचे साहेब मिस्त्रींच्या पंजांकडे बघून म्हणाले, "तुम्ही बेस घ्या. हात मोठे आहेत तुमचे. शिवाय त्याला चारच तारा असतात." मिस्त्रींनी घेतला. दीड वर्षानं गाणाऱ्या बाईंची बदली झाली, आणि आता आपण गायचं असं चारही गिटारवाल्यांनी आपापल्या घरी ठरवलं. पुढच्या तालमीला मिस्त्री गेले नाहीत.

मग ते दातांच्या डॉक्टरांच्या बँडमध्ये गेले. तीन डॉक्टर आणि मिस्त्री. शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाला की पेशंटच्या बाकांवर बसून तालीम चालायची. डॉक्टरांनी त्यांचं नाव खर्ज्या ठेवलं, कारण ते खालच्या सुरात वाजवायचे. मिस्त्रींनी घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "त्वचारोगाचं नाव वाटतं." बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि बारकावे टिपायची.

तीन वर्षं हे चाललं. शेवटचा कार्यक्रम दंतवैद्यांच्या वार्षिक संमेलनात झाला. पहिल्याच गाण्यात मिस्त्रींच्या अँप्लिफायरचा फ्यूज उडाला. ड्रम अगदी कानाशी असल्यामुळे मिस्त्रींना ते दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर कळलं. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. तिन्ही डॉक्टर डोळे मिटून रंगात आले होते. मध्येच खाली उतरणं बरं दिसणार नाही म्हणून मिस्त्रींनी उरलेली चाळीस मिनिटं एकही सूर न चुकता, आवाजाशिवाय वाजवलं. कार्यक्रम संपल्यावर ड्रमवाल्या डॉक्टरनं त्यांना मिठी मारली. "खर्ज्या, आज काय घट्ट बसलं रे सगळं!"

सासूबाई तिसऱ्या रांगेत होत्या. त्या मिस्त्रींच्याच घरी राहायच्या. वयोमानानं त्यांच्या कानांतून वरचे सूर निघून गेले होते. दारावरची घंटा, फोन, पाखरं, बायकांची बोलणी, सगळं बंद. खालचं मात्र सगळं शाबूत. ट्रक ऐकू यायचा, गडगडाट यायचा, आणि जावयाचा बेस यायचा. परतताना त्यांनी गाडीत विचारलं, "आज तुम्ही रजेवर होतात का?"

"नाही आई. वाजवत होतो की."

"मग मला का नाही आलं?"

मिस्त्रींनी सोमवारी फोन करून बँड सोडला. ड्रमवाला डॉक्टर म्हणाला, "हो का? बरं. पण गुरुवारी दाढेला येतोयस ना?" मिस्त्री म्हणाले, येतोय. गेलेही. दाढ व्यवस्थित भरून मिळाली. बेस पलंगाखाली गेला आणि आठ महिने तिथेच राहिला.

आठ महिन्यांनी एका सहा मजली जुन्या इमारतीतून बोलावणं आलं. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती आणि आत एक बाई होत्या. मिस्त्री तळमजल्यावर पोचले, जाळीच्या दाराला कान लावला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वरून एक लांबलचक, न थांबणारा हुंकार येत होता आणि त्याच्यावर काहीतरी चिरकत होतं. गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं, ते मनाशी म्हणाले. पण मोटर तर बंद होती. आणि मग बेअरिंगनं चाल बदलली. बावीस वर्षांच्या नोकरीत बेअरिंगला चाल बदलताना त्यांनी ऐकलं नव्हतं.

ते वरच्या मशीनच्या खोलीत गेले, मेन स्विच पाडला, ब्रेक सैल केला आणि हातानं चाक फिरवत लिफ्ट चौथ्या मजल्याला आणली. दार उघडलं. आत साठी उलटलेल्या एक बाई लाकडी पेटीवर बसल्या होत्या. त्यांच्या काखेत कातड्याची फुगलेली पिशवी होती आणि तिला तीन नळ्या. एक तोंडात फुंकायची, एक बोटांनी वाजवायची, आणि एक लांब, खांद्यावर टाकलेली, जिचं काम एकच सूर अखंड धरून ठेवणं.

"पाच मिनिटं थांबला असतात तर हा तुकडा पुरा झाला असता," बाई म्हणाल्या.

मिस्त्री नेहमी अशा वेळी दिलगिरी व्यक्त करत. या वेळी तोंडातून भलतंच निघालं. "लांब नळी किंचित खाली बोलतेय."

आजारी गाईनं स्वतःच निदान सांगितल्यावर बघावं, तशा नजरेनं बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या जनावरांच्या निवृत्त डॉक्टर होत्या. "किती खाली?"

"केसभर."

बाईंनी लांब नळीचा जोड तसूभर आत ढकलला आणि पुन्हा फुंकलं. दोन आवाजांमधली थरथर गेली. जिन्यात नुसता एक सरळ, भरीव आवाज उभा राहिला.

"काय वाजवता तुम्ही?"

"आता काही नाही. आधी बेस."

"रविवारी तीनला या. पाचवा मजला. लिफ्ट चालू असेल असं धरून चालते."

रविवारी मिस्त्री बेस घेऊन गेले. बाईंनी त्यांना सगळं दाखवलं. बॅगपाइप त्यांनी स्वतः केला होता. नोकरीच्या पहिल्या गावी एका मेंढपाळाच्या मेंढ्यांचे खूर त्यांनी बरे केले होते, त्यानं त्यांना पिशवी शिवायला आणि वाजवायला शिकवलं होतं. अडचण पट्टीची होती. हा पाइप हार्मोनियमवरच्या पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मध्ये कुठेतरी बोलायचा, आणि पिशवी गरम झाली की आणखी वर सरकायचा. मिस्त्रींनी तारा तेवढ्या चढवून घेतल्या. तरी काही सूर जुळेनात. पाइपचा गंधार धड कोमल नव्हता, धड शुद्ध नव्हता, आणि बेसच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना असलं मधलं काही माहीत नव्हतं.

"याला काही करता येईल?" मिस्त्रींनी विचारलं.

"मला नाही येणार," बाई म्हणाल्या. "भोकं पाडून झाली आहेत."

म्हणजे बदल कोणी करायचा हे ठरलंच होतं. मिस्त्रींनी घरी जेवायच्या टेबलावर बेस आडवा घातला आणि पकडीनं एकेक पट्टी उपटायला सुरुवात केली.

"काय चाललंय?" बायकोनं विचारलं.

"पट्ट्या काढतोय."

"परत बसवता येतील?"

"नाही."

"बरं. खाली कागद अंथर."

खाचा त्यांनी सुताराच्या लांबीनं बुजवल्या आणि पॉलिश कागदानं घासून सपाट केल्या. आता मानेवर कुठे थांबायचं हे फक्त कान सांगणार होते. पहिले दोन महिने ऐकवत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात बोटं आपोआप त्या मधल्या गंधारावर जाऊन बसायला लागली. बाई वाजवण्याबद्दल कधी काही बोलत नसत, पण एकदा त्यांनी मिस्त्रींच्या चहात न विचारता दुसरा चमचा साखर घातली. मिस्त्रींनी ती दाद समजून घेतली.

जनावरांच्या इस्पितळाला पन्नास वर्षं होत होती. बाई तिथल्या मुख्य डॉक्टर राहिलेल्या, तेव्हा त्यांना वीस मिनिटं वाजवायला सांगितलं होतं. कार्यक्रमाला तीन आठवडे असताना त्या कपाटावरची पाइपची पेटी काढायला स्टुलावर चढल्या आणि पेटीसकट खाली आल्या. पेटीला काही झालं नाही. बाईंचा डावा खांदा गेला. हात दोन महिने गळ्यात बांधून ठेवायचा होता.

"रद्द करू," त्यांनी फोनवर सांगितलं. "पिशवी दाबायची कशानं?"

मिस्त्री तसेच उठून त्यांच्याकडे गेले. "बोटं हलतात?"

बाईंनी झोळीतून बोटं हलवून दाखवली. पाचच्या पाच हलत होती.

"मग फुंकतो मी, दाबतो मी. तुम्ही नुसती बोटं चालवा. निम्म्या शहराच्या लिफ्ट तेलाच्या दाबावर चालतात, बाई. दाब सांभाळायचा हेच करत आलोय."

बाईंनी बोटं झोळीत परत घेतली. मग म्हणाल्या, "आणि बेस?"

"बेस राहू दे."

हे त्यांनी सहज म्हटलं. जिना उतरताना मात्र ते जड वाटलं. ज्याच्या पट्ट्या पाइपसाठी उपटल्या तोच बेस आता घरी राहणार होता. तिसऱ्या मजल्यावर ते क्षणभर थांबले, मग वर परत जाण्यासारखं काही नाही असं ठरवून खाली उतरले.

पिशवी आणि बोटांची नळी यांच्यामध्ये त्यांनी वीतभर रबरी नळी जोडली, म्हणजे दोघांना शेजारी बसता येईल. दाब नुसत्या अंदाजानं शिकणं त्यांना पटेना. त्यांनी पारदर्शक नळी इंग्रजी यू सारखी वाकवून फळीवर ठोकली, आत शाईचं पाणी भरलं आणि एक टोक पिशवीला लावलं. फुंकलं की पाणी चढे. ते एका रेघेवर स्थिर ठेवायचं. श्वास घेताना हाताचा दाब वाढवायचा, फुंकताना कमी करायचा. पिशवी काखेत घेऊन मिस्त्रींना फळीकडे नीट बघता येईना, म्हणून सासूबाई समोर बसल्या. पाइपमधलं त्यांना फारसं काही ऐकू येत नव्हतं, पण नजर पक्की होती.

"खाली गेलं," त्या म्हणायच्या. "आणखी. आता वर. फार वर. काय हो, लिफ्ट तरी अशीच चालवता का?"

दोन आठवड्यांत पाणी रेघेवर उभं राहायला लागलं. सासूबाईंना सांगायला काही उरलं नाही तेव्हा त्या विणकाम घेऊन बसू लागल्या.

कार्यक्रम दुपारी इस्पितळाच्या अंगणात होता. घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि बरेच लोक आपापली जनावरं घेऊन आले होते. बाई आणि मिस्त्री दोन खुर्च्यांवर अगदी खेटून बसले. नळी मिस्त्रींच्या तोंडात, पिशवी मिस्त्रींच्या काखेत, आणि पिशवीतून निघालेली दुसरी नळी झोळीत हात अडकलेल्या बाईंच्या बोटांत. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजारच्याला विचारलं, "कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवणार आहेत का?"

मिस्त्रींनी पिशवीवर थाप मारली आणि सूर उभा राहिला. दोन कुत्री रडायला लागली, मग बाकीच्यांना काही होत नाही हे बघून आडवी झाली. पहिला तुकडा पार पडला. दुसराही. आपण काय वाजवतोय हे मिस्त्रींना कळत नव्हतं; बाईंची बोटं त्यांच्या नजरेच्या कोपऱ्यात पळत होती, आणि त्यांच्या बरगड्यांना लागून ते सगळं गरम होऊन थरथरत होतं. आपण हात उचलला तर हे जाईल, एवढंच त्यांना कळत होतं.

तिसऱ्या तुकड्यात मांजराचा केस त्यांच्या घशात गेला. खोकला आला. दाब गेला, आणि सगळा आवाज एक लांब हंबरडा फोडत खाली बसला. अंगणातलं प्रत्येक डोकं मिस्त्रींकडे वळलं. लोकांची वळली, कुत्र्यांची वळली, पिंजऱ्यातल्या पोपटानंही मान वाकडी केली. मिस्त्री कानापर्यंत लाल झाले.

बाईंनी बोटं भोकांवरून हलवली नाहीत. "श्वास घ्या," त्या हळूच म्हणाल्या. "मी थांबते."

मिस्त्रींनी खोकून घेतलं, पाण्याचा घोट घेतला, फुंकलं. बाईंनी जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं. टाळ्या भरपूर झाल्या. किती वाजवण्याला आणि किती खोकल्याला, हे सांगणं कठीण होतं.

गाडीत सासूबाई म्हणाल्या, "मध्ये तो बैल बसल्यासारखा आवाज झाला, तो तुमचा का?"

"हो, आई."

"पार भिंतीपर्यंत गेला."

मिस्त्रींनी मान डोलावली. बायकोनं आरशातून बघितलं. चुकलं ते चारशे लोकांसमोर, आणि हा माणूस खुशीत होता. ती गाडी चालवत राहिली.

खांदा सुटायला चार महिने लागले. बाई पुन्हा एकट्यानं वाजवायला लागल्या आणि मिस्त्रींनी बेस बाहेर काढला. पिशवी आतून कशी चालते हे कळल्यामुळे पाइप वर सरकायच्या क्षणभर आधीच त्यांचं बोट सरकू लागलं. बाईंच्या हे लक्षात आलं. त्यांनी ते बोलूनही दाखवलं, एकदाच. लांबलचक संथ तुकड्यांना मात्र त्या अजूनही दोन खुर्च्या मांडायला सांगतात. त्यांच्या खांद्यापेक्षा मिस्त्रींचा दाब एकसारखा आहे, असं त्यांचं म्हणणं आहे आणि त्यावर त्या चर्चा करत नाहीत.

सध्या दोघं मेंढपाळाच्या एका जुन्या चालीवर अडली आहेत. तिच्यातला चौथा सूर बाईंच्या मते जरा वर हवा, मिस्त्रींच्या मते आहे तिथेच बरा आहे. गेले तीन रविवार यावरच चाललंय. परवा बाईंनी आवाज चढवला, मिस्त्रींनीही चढवला, आणि सहाव्या मजल्यावरचे शेजारी खाली येऊन म्हणाले, त्यापेक्षा तुम्ही वाजवा.