चढाच्या पायथ्याशी

बाबा सोनाळ्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते; सगळे त्यांना इंद्रभानजी म्हणत. राहायला आम्ही वरवट बकालला. लढाईच्या दिवसांत टायर मिळत नव्हते, तेव्हा जुन्या टायरला आतून कातड्याचा तुकडा लावून ते रोज सायकलनेच जात.

वाटेतल्या एका गावात नाला आहे. उतारावरून वेगात आलेली सायकल पायडल न मारताही समोरचा अर्धा चढ चढून जाते. पण चढाच्या पायथ्याशीच अर्जुनराव देशमुखांचा ओटा. त्यांच्या दारावरून कुणी बसून जायचं नाही, ही रीत घोड्यांच्या काळातली. पुढे ती सायकलींनाही लागू झाली. बाबा तिथे उतरत आणि औषधांची पेटी बांधलेली सायकल ढकलत माथ्यापर्यंत नेत.

त्यांच्या छातीत दुखू लागलं तेव्हा डॉक्टरांनी चढावर काही ढकलायला मनाई केली. मी म्हणाले, "आता त्या दाराशी उतरू नका. देशमुखांले तर दिसतही नाही."

हे बाबांइतकं कुणाला ठाऊक होतं? संध्याकाळी परतताना देशमुखांच्या डोळ्यांत औषध तेच घालत.

"त्यांले दिसत नाही," बाबा म्हणाले. "पण ते कुठी बसले हायेत, ते मले दिसते ना."

"दिसू द्या. बसून जा."

"बाई, तू पुस्तकं वाचतं म्हणून तुले सोपं वाटते." ते हसले. "आन आता या वयात मले बंड कराले लावतं काय?"

पौषातल्या एका सकाळी त्याच चढावर ते सायकलसकट खाली बसले. कुणी पाणी आणेपर्यंत गेले होते.

तेरवीनंतर देशमुख गड्याचा हात धरून भेटायला आले. मी तिथे आहे असं समजून ते भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे तोंड करून बोलत होते.

"तुहा बाप फार मर्यादेचा माणूस, पोरी. एक दिवस माह्या दारावरून बसून गेला नाही."

"तुम्हाले दिसत होतं?"

"दिसाचं काय काम? चाकाची टिकटिक आन वहाणा, दोन्ही संगंच वाजत."

म्हणजे धापही ऐकू येत असेल. ते मी विचारलं नाही. चहाचा कप त्यांना सापडेना, तो हातात दिला.

बाबांच्या जागी मलकापूरचा सईद नावाचा तरुण आला. वरवटलाच खोली घेऊन राहिला. सायकल मी त्याला देऊन टाकली आणि एवढंच सांगितलं, "देशमुखांच्या दाराशी उतरू नका. नाल्याचा वेग मोडू नका."

"उतरतो काऊन, बाई? मी काय त्यांचा नौकर हाय?"

पंधरवड्याने तो हवा भरायचा पंप मागायला आला. चढ कसा वाटला, विचारलं. तो हँडलवरची धूळ पुसत राहिला.

"पहिल्या दिवशी बसूनच गेलो. दुसऱ्या दिवशी ओट्यावरून आवाज आला. रागावले नाही, बाई. म्हणे, इंद्रभानजी छातीचं दुखणं घेऊन उतरत होते. तुम्हाले काय धाड भरली?"

"मग?"

"मग काय. उतरतो आता."

पंप घेऊन तो निघाला. आमच्या दारासमोर तो सायकलवर बसला नाही. कोपऱ्यापर्यंत टिकटिक आणि वहाणा, दोन्ही संगतीने वाजत राहिल्या.