गाण्यात सुटलेली दारू

"अगं, जपून! तळपायात काच घुसली तर माती कोण तुडवणार?" ओसरीवरून म्हातारी ओरडली.

कुंभारीण सांडलेल्या तेलावर राख टाकत होती आणि सासूला दिसू नये म्हणून पदराआड हसत होती. आदल्या संध्याकाळी बाजाराच्या मैदानात पडदा बांधून सिनेमा दाखवला होता. दारुड्या नवऱ्याचा. त्याची बायको जिन्यावर उभी राहून लांबलचक बोलली, मग गाणं लागलं, गाणं संपायच्या आत गड्यानं बाटली भिंतीवर फोडली आणि लगेच कडक इस्त्रीच्या कपड्यात पोरांना खांद्यावर घेऊन हजर! अख्खा गाव मुसमुसला. सगळ्यांत जास्त रडला कुंभार. घरी येऊन त्यानं कोनाड्यातली बाटली उचलली, "आजपासून सोडली!" अशी गर्जना केली आणि दिली भिंतीवर आपटून. शेजारच्या शिंप्यानं टाळ्यासुद्धा वाजवल्या.

बाटली तेलाची होती. दारूची तर केव्हाच रिकामी झाली होती.

"तेल तर गेलं," म्हातारी म्हणाली. "आता दारू जाते का बघू."

दुपारी कुंभार चाकावर बसला, पण हात कुठले थांबायला! अंगाला घाम फुटला होता. मडक्याचा काठ डगमगला आणि मडकं बसलं खाली. दुसऱ्याचीही तीच गत.

"त्या हिरोला तर असलं काही झालं नाही," तो कळवळून म्हणाला.

"त्याला मधे गाणं होतं. मी म्हणू का?" कुंभारीण म्हणाली.

संध्याकाळ कलली तसा कुंभार उठला. "जरा चौकातून येतो."

चौक म्हणजे कुठं, हे तिला न कळायला ती काही काल आलेली नव्हती. माती तुडवायच्या खड्ड्यात उभ्या उभ्या तिनं सिनेमातल्या बाईसारखा हात वर केला. "हे प्राणनाथ! माझ्या आसवांची तरी..." पुढचं आठवेना. कुंभार हसला, तीही हसली. पण हसत हसत त्यानं पायात वहाणा घातल्याच. पालथ्या घड्यावर पाणी.

"थांबा, मीही येते."

"गुत्त्यावर? लोक काय म्हणतील?"

"तुम्हाला म्हणतात तेच. निम्मं निम्मं वाटून घेऊ."

आणि गेलीच की ती! गुडघ्यापर्यंत चिखलाचे पाय घेऊन बाकावर ऐसपैस बसली. एकानं पेला पाठीमागं लपवला. दुसरा "नमस्कार वहिनी" म्हणत सटकला.

"ताई, धंद्याची वेळ आहे," गुत्तेवाला अजिजीनं म्हणाला.

"मग करा की धंदा. मी कुठं अडवलंय?"

कुंभाराचं तोंड लालबुंद झालं. "चल घरी," तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. "गोळ्या देते. पण हात कापतील, झोप उडेल, चिडचिड होईल. घसरलात तर लाजून घरी बसू नका, परत या."

"म्हणजे झटक्यात नाही सुटत?"

"सुटली असती तर दवाखान्याऐवजी सिनेमाच काढला असता मी."

गोळ्या चालू झाल्या. संध्याकाळ झाली की दोघं गुत्त्याकडं पाठ करून ओढ्याच्या बाजूला फिरायला जात. गाव हसायचा, ती हात हलवून पुढं जायची.

मग एका बाजाराच्या दिवशी तो घसरला. झोकांड्या खात आला आणि दारातच आडवा झाला. त्या दिवशी कुंभारीण हसली नाही. चिखलात उतरली आणि रडत रडत माती तुडवत राहिली. सकाळी तो पायरीवर मान खाली घालून बसला होता. ती त्याच्याकडं बघेना.

म्हातारीच शेवटी बोलली. "पोरी, चालायला शिकणारं पोर पडलं म्हणून कुणी त्याला पांगळं ठरवतं का? ने त्याला दवाखान्यात. मी बघते भट्टीकडं."

ती चूळ भरून आली. "उठा," एवढंच म्हणाली. तो उठला.

पावसाळा सरला, उन्हं निवली. एका सकाळी ती खड्ड्यात माती तुडवत असताना कुंभार घरातून चहाचा कप घेऊन निघाला. म्हातारीनं मुद्दामच काठोकाठ भरला होता. अंगणभर तो श्वास रोखून, पाऊल मोजून आला. शिंपी मशीन थांबवून बघत राहिला. कप तिच्या हातात पडला तेव्हा बशीत घोटभर सांडला होता.

"सांडला गं थोडा," तो ओशाळून म्हणाला.

"थोडाच ना?" म्हणत तिनं बशी ओठाला लावली आणि आधी तो सांडलेला चहा पिऊन टाकला.