तिसरा चौकोन

शुभदाच्या लोखंडी कपाटात चार कादंबऱ्या होत्या आणि चारही अर्धवट. पहिलीतली नायिका आठ वर्षं बोहल्याच्या अलीकडेच ताटकळत होती. दुसरीत खून झाला होता, पण खुनी कोण हे लेखिकेलाच ठाऊक नव्हतं. तिसरीबद्दल न बोललेलंच बरं. चौथीतली हेमलता मात्र शुभदाच्या जिव्हाळ्याची. बंगळुराजवळच्या होसकोट्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना जेवू घालणारी ही बाई खाणावळ बंद करायला निघाली होती आणि हातात कुलूप घेऊन दारात उभी होती. तिला तसं उभं राहून सहा वर्षं झाली होती.

"हेमलताबाईंचा हात दुखत नाही का गं?" शुभदाचा नवरा मुकुल चहा पिता पिता विचारायचा.

शुभदा हसण्यावारी न्यायची, पण तिला ते लागायचं. एकसष्टावं लागलं त्या दिवशी तिनं चंगच बांधला. पुण्याचा एक प्रकाशक दरवर्षी याच महिन्यात नवोदितांची हस्तलिखितं मागवत असे. महिन्याच्या तीस तारखेच्या आत टपालात टाकायची. गेली दोन वर्षं ही तारीख तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली होती. यंदा हेमलता पुण्याला जाणार म्हणजे जाणार!

कामाला ती कधीच कच्ची नव्हती. बंगळुरातल्या एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात एकतीस वर्षं विमानाचे सुटे भाग कागदावर काढलेली बाई. पहाटे पाचला उठून ती बसवनगुडीतल्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसू लागली, आणि बाराव्या दिवशी शेवट आपणहून समोर आला. हेमलतेनं कुलूप परत खिळ्याला अडकवलं आणि तांदूळ धुवायला घेतले. शुभदा ते बघत राहिली, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

आता ते बाड पाकिटात घालायचं, एवढंच उरलं होतं. पण बाईसाहेब वळल्या पुन्हा पहिल्या प्रकरणाकडे. ते त्यांनी याआधी तेवीस वेळा लिहिलं होतं.

त्याचं मूळ ऑफिसातल्या एका सवयीत होतं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, पानाच्या उजव्या कोपऱ्यात, ती पट्टीनं तीन चौकोन आखायची: काढले, तपासले, मंजूर. ड्रॉइंगवर असायचे तसेच. पहिल्यात काढणाऱ्याची सही, दुसऱ्यात तपासनीस आप्पाजींची, तिसऱ्यात साहेबांची. ती तिसरी सही पडल्याशिवाय कागद खाली शॉपमध्ये, मशीनवर, जात नसे. एकतीस वर्षांत शुभदाची सही पहिल्या चौकोनाबाहेर कधी पडली नव्हती.

म्हणून दुसऱ्या चौकोनातल्या सहीसाठी ती मॅजेस्टिकच्या बसस्थानकावरून बस धरून शहराबाहेरच्या देवनहळ्ळीला गेली. चौऱ्याऐंशी वर्षांचे आप्पाजी तिथं मुलाकडे राहत. तीन पिढ्या इथंच गेलेलं मराठी घर. त्यांनी बाड हातात घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "लाल पेन्सिल आणलीस का?"

पाच दिवसांनी बाड परत आलं ते एकशे बारा लाल खुणा घेऊन. शुभदानं मान खाली घालून सगळ्या दुरुस्त केल्या आणि पुन्हा नेलं. अठ्ठावीस तारखेला खुणा निघाल्या एकशे नऊ, आणि निम्म्या तर दुरुस्त केलेल्या जागीच.

"अजून किती निघतील, आप्पाजी?"

"तू आणत राहा, मी काढत राहतो. चूक सापडली नाही तर चेकर कसला?"

शुभदाचं तोंड उतरलं. "मग आपली ड्रॉइंग्ज बाहेर कशी जायची?"

"चुका संपल्या म्हणून एकसुद्धा गेलं नाही, अक्का. खाली शॉपमध्ये मशीन थांबलेलं असायचं. फोनवर फोन. मग साहेब म्हणायचे, सरी, ठीक आहे, स्वल्प राहिलं असेल तर पुढच्या बदलात बघू, सोडा खाली." आप्पाजींनी चष्मा पुसला. "तुझ्या या हेमलतेसाठी खाली कोण थांबलंय?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तो प्रश्न घेऊन शुभदा बसमध्ये बसली आणि माणसं आठवू लागली. मुकुल चेष्टा करायचा, पण एक पान वाचायचा नाही. लेक शाल्मली बंगळुरात वाढलेली; ती मराठी बोलायची झकास, वाचायला मात्र अक्षर अक्षर जुळवायची. प्रकाशकाला तर हिचं नावही माहीत नव्हतं. कुणीच थांबलं नव्हतं. शुभदाला सगळ्यांदेखत रडू आलं. शेजारच्या बाईनं काही न विचारता तिला खिडकीची जागा दिली.

हेब्बाळला वाहतुकीत बस अडकली, आणि रडण्याची जागा रागानं घेतली. सहा वर्षं रोज त्या दाराकडे कोण बघत होतं? पाचला कोण उठत होतं? हेमलतेनं तांदूळ धुवायला घेतले तेव्हा दूध कोणाचं उतू गेलं? बस हलेपर्यंत शुभदानं पर्समधून पेन काढलेलंसुद्धा होतं. पण बसमध्ये सही वाकडी येते, हे तिला ठाऊक होतं. ती घरी पोचली, चप्पल काढली, टेबल पुसून घेतलं आणि लाल खुणा तशाच ठेवून अकरा प्रकरणांच्या अकरा तिसऱ्या चौकोनांत सरळ, ठसठशीत सह्या केल्या.

एकोणतीस तारखेला ती टपाल कचेरीतून परत येते न येते तोच फोन वाजला.

"शुभदा, आत्ता आठवलं, मोठी चूक राहिली!" आप्पाजींना धाप लागली होती. "दुसऱ्या प्रकरणात खाणावळीला दोन दारं आहेत, आणि शेवटी एकच!"

शुभदा मटकन खुर्चीत बसली. चूक खरी होती. मग तिनं पाठ ताठ केली.

"पुढच्या बदलात बघू, आप्पाजी. कागद खाली गेला."

"गेला? एवढी कसली घाई? कोण थांबलं होतं?"

"मी."



"सरी," आप्पाजी म्हणाले. "मग लाल पेन्सिल ठेवतो खाली. ते शेवटचं प्रकरण वाच बघू मला. तपासण्याच्या नादात गोष्ट ऐकायची राहूनच गेली."

शुभदानं घरी ठेवलेली झेरॉक्स प्रत उघडली आणि वाचायला सुरुवात केली.