पोपटरावांचा भूगोल

डिजिटल वर्ग आला आणि रामटेके बाईंच्या सहावी अ मधला उजेड गेला. अगदी शब्दशः गेला. कुणा दानशूर संस्थेने शाळेला प्रोजेक्टर दिला, पण सदाशिव पेठेतल्या दुपारच्या उन्हापुढे त्याची डाळ शिजेना. मग मुख्याध्यापक कुंभोजकर सरांनी खिडक्यांना छत्रीच्या कापडाचे काळे पडदे शिवून घेतले. आता तास सुरू झाला की पडदे ओढायचे, दिवे मालवायचे, पोरांना अंधारात बसवायचं आणि भिंतीवर ज्ञानाचा प्रकाश पाडायचा.

हा प्रकाश पाडायला पोपटराव नेमलेले होते. हिरवागार पोपट, डोक्यावर पगडी, पंखाखाली पृथ्वीचा गोल. चोच नुसती उघड-मीट, उघड-मीट करायची आणि मागून कुणा बाईचा पाकात घोळलेला आवाज यायचा, "चला तर मग बालमित्रांनो, अक्षवृत्तांच्या सफरीला!" बालमित्र कुठे चालणार? ते बाकाखाली एकमेकांना लाथा मारत सफर करत असत.

व्हिडिओ मध्येच थांबवायची सोय नव्हती. थांबवला की ॲपमध्ये हिरवी खूण उमटत नसे, आणि खूण उमटली नाही की तो धडा शिकवलाच नाही असं संस्थेला कळत असे. बाईंनी तोंडाला फेस येईपर्यंत शिकवलेला धडा न शिकवलेला, आणि पोपटाने पोरांच्या गोंगाटात बडबडलेला धडा शिकवलेला! वर प्रत्येक व्हिडिओनंतर पाच प्रश्नांची चाचणी. तिचे गुणही संस्थेकडे जायचे.

शर्मिला रामटेके भंडाऱ्याहून पुण्यात आल्या तेव्हा सरळ बोलायच्या. इथे राहून तिरकं बोलायला शिकल्या आणि आता मूळच्या पुणेकरांनाही भारी पडत. "सर, माझा पगार पोपटाच्या खात्यात जमा करा, मी पेरू खाऊन दिवस काढते," असं त्यांनी कुंभोजकर सरांना तोंडावर सांगितलं होतं. तशी त्यांची यंत्राशी दुश्मनी नव्हती. ज्वालामुखी फुटताना भिंतीवर दिसला तेव्हा पोरांच्या जोडीने त्याही आ वासून बघत राहिल्या होत्या. पण रोज, प्रत्येक तासाला, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या पोपटाचं ऐकायचं म्हणजे डोक्याला ताप होता.

त्यात निकिता खुटवडने भर घातली.

ही पोर पाचवीत बाईंची लाडकी होती. पहिला बाक कधी सोडायची नाही. बाई बोलू लागल्या की त्यांच्या तोंडाकडे अशी टक लावून बघायची की बाईंना शिकवायला हुरूप यायचा. वर्गात नेहमी पहिल्या पाचांत. आणि सहावीत, पडदे लागल्यापासून, तीच पोर अंधारात खाली मान घालून बसायची. बाई बाकांमधून फिरत काही विचारायच्या तर उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारावं तर भलतंच काहीतरी. चाचणीत भोपळा. एकदा तर बाईंनी तिच्या मागे उभं राहून चार वेळा नाव घेतलं आणि ही ढिम्म हलली नाही. शेवटी खांदा धरून हलवलं तेव्हा दचकून म्हणाली, "हो बाई." कशाला हो, ते तिलाच ठाऊक.

"शिंगं फुटली आहेत तुला," बाई म्हणाल्या. आणि त्या संतापात त्यांनी कुंभोजकर सरांकडे तिची तक्रार केली. सरांना तेवढंच हवं होतं. अ तुकडीची सरासरी खाली आली होती आणि संस्थेकडून विचारणा झाली होती. निकिताला ब तुकडीत टाकायचं त्यांनी ठरवलं. ब तुकडीला बरेच दिवस शिक्षकच नव्हते. भरतीची वाट बघत तिथे सकाळच्या प्रार्थनेपासून घंटा होईपर्यंत पोपटरावच शिकवत होते. तिथे गेलेलं मूल वर आलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, हे बाईंना माहीत होतं. तरी त्यांनी हो म्हटलं. त्या खरंच थकल्या होत्या.

निकिताच्या आईला बोलावणं गेलं. कौशल्या खुटवड कात्रजच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. कामावर खाडा करून, बसने आली. निकिताला सरांनी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं. शेजारच्या मैदानात ढोल पथकाचा सराव जोरात चालला होता, म्हणून त्यांनी दार लावलं आणि काचेची खिडकीही सरकवून बंद केली. तरी आत एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागत होतं.

"तुमची मुलगी वर्गात झोपते," सर म्हणाले. "चाचण्यांत शून्य आहे. उलट उत्तर नाही, पण सरळही उत्तर नाही."

"घरी बी तसंच हाय, सर," कौशल्या म्हणाली. "चार हाका मारल्याबिगर वळत न्हाई. माजलीया. मी बघते तिच्याकडं, पर वर्ग नका बदलू. तिचा बाप म्हणतो, शिकंना तर घरी बसवा. ब तुकडीत घातली कळलं की त्याला निमित्तच गावंल."

आपण हो म्हटलं ते किती महागात पडणार, हे बाईंना आत्ता कळत होतं. पण कुंभोजकर सरांचं ठरलेलं होतं. "सोमवारपासून ब तुकडी. रडून काही उपयोग नाही," ते म्हणाले.

रडत कुणीच नव्हतं. कौशल्या तर दात-ओठ खात बसली होती. बाईंनी काचेकडे पाहिलं. बाहेर बाकावरून उठून निकिता उभी राहिली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पुढच्या क्षणी ती दार ढकलून आत आली.

"सर, मला ब तुकडीत नको. मी अभ्यास करीन. नको ना, सर."

"दाराला कान लावून ऐकत होतीस?" सर कडाडले. "ही कुठली पद्धत?"

दाराला कान कुठे लावला होता? ती तर खिडकीसमोर होती. बाईंची नजर काचेवरून दारावर, दारावरून मैदानाकडे गेली. ढोलांनी सरांच्या टेबलावरची काचसुद्धा थरथरत होती. या गदारोळात आतल्या आत माणसाला माणसाचं ऐकू येत नव्हतं, आणि हिला बाहेर बसून ब तुकडी कशी कळली?

बाई उठल्या आणि निकितासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून त्यांनी म्हटलं, "डाव्या पायातला बूट काढ."

निकिताने गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली वाकली आणि डाव्या पायातला बूट काढला.

"हे काय चाललंय, रामटेके बाई?" सरांनी विचारलं.

बाईंनी त्यांना हातानेच गप्प केलं. मग तोंडावर वही धरली आणि ओरडून म्हणाल्या, "बूट घाल!" ढोल तेवढ्यात थांबले होते, त्यामुळे बाहेरून जाणारा शिपाईदेखील चमकून थांबला. निकिता मात्र हातात बूट घेऊन, वहीच्या वर दिसणाऱ्या बाईंच्या डोळ्यांकडे बघत उभी होती.

"तिला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "सर, या मुलीला ऐकू येत नाही. ती आपली तोंडं वाचते."

कौशल्या उठून मुलीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि रोज स्वयंपाकघरातून मारत असेल तशी हाक मारली, "निकू." मग जरा मोठ्याने, "ए निकू." पोरगी वळली नाही. कौशल्याने हात वर उचलला होता, तो तसाच राहिला. "रोज पाठीत धपाटा घालते मी हिला, बाई," ती म्हणाली. "रोज. ल्हान होती तवा कान वाहायचे, तेल घालायचो आम्ही. मग थांबलं. मला वाटलं, बरं झालं."

बाईंनी निकिताची हनुवटी वर केली. "कुणाला सांगितलं का नाहीस?"

"मला येत होतं ना, बाई," निकिता हुंदके देत म्हणाली. "तुम्ही शिकवायच्या तेव्हा येत होतं. आता अंधार असतो. आणि पोपटाला ओठच नाहीत."

कुंभोजकर सरांनी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता, पण कुठलीही अडचण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवली की त्याला ती सुटल्यासारखी वाटायची. "मग तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात. तिथेच पाठवून देऊ."

निकिताने बूट छातीशी घट्ट धरला.

"तिने हेही वाचलं, सर," बाई म्हणाल्या. "यापुढे हिच्यासमोर बोलताना तोंडावर हात तरी ठेवत जा, नाहीतर आधी विचार तरी करत जा. कुठली शाळा बरी ते कानाचे डॉक्टर आणि हिची आई मिळून ठरवतील. तोवर ही माझ्या वर्गात, पहिल्या बाकावर. तक्रार मी केली होती, मीच मागे घेते."

"आणि व्हिडिओ? संस्थेला काय सांगू?"

"व्हिडिओ चालू राहील. हिरवी खूण येईल. पोपटाला आवाज आहे की नाही, हे तुमचं ॲप विचारत नाही."

सोमवारी सहावी अ मधले पडदे उघडे होते. भिंतीवर पोपटराव उन्हात पार फिकट पडले होते आणि आवाजाविना नुसती चोच उघड-मीट करत होते. पोरांना त्याचंच हसू येत होतं. कौशल्याने शुक्रवारची डॉक्टरांची वेळ घेतली होती आणि नवऱ्याला त्यातलं अजून काहीच सांगितलं नव्हतं. बाईंना मात्र बऱ्याच दिवसांनी अंगात वारं शिरल्यासारखं वाटत होतं. विषुववृत्त, कर्कवृत्त, मकरवृत्त, त्या हातवारे करून, तोंड भरून बोलत होत्या. निकिता मान वर करून बघत होती. सगळं मार्गी लागलं, असं बाईंना वाटलं. त्यांनी खडू उचलला, फळ्यावर मोठा गोल काढला आणि त्यावर रेघा ओढत समजावू लागल्या.

मागे बाकावर टकटक झाली. बाईंनी दुर्लक्ष केलं. पुन्हा टकटक.

"कोण आहे ते?" बाई चिडून वळल्या.

निकिता उभी होती. वर्गात आपण होऊन ती पहिल्यांदाच उभी राहिली होती आणि तिचे कान लाल झाले होते. "बाई," ती म्हणाली, "तुम्ही फळ्याशी बोलताय."

बाईंनी हातातल्या खडूकडे पाहिलं. खडू घेतला की तोंड फळ्याकडे आणि बोलणं चालूच, ही त्यांची शिकवू लागल्यापासूनची सवय होती.

"केव्हापासून बोलतेय?" त्यांनी विचारलं.

"पाचवीपासून, बाई."