धुतलेलं लुगडं

म्हशीनं लुगडं हुंगलं आणि मान फिरवली.

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर, जिथं गिऱ्हाइकासमोर धार काढून ताजं दूध ग्लासात देतात, सकाळी गुंडू बसला होता. भरघोस मिशा आणि अंगावर बायकोचं हिरवं लुगडं. कुणी हसलं नाही. अंबूबाई गेल्यापासून तो तिचं लुगडं नेसूनच धार काढायचा. म्हशीला एवढी फसवणूक चालत होती. पण काल सुनेनं, निशिगंधानं, ते लुगडं सुवासिक पावडरीत धुतलं. ती हॉलंडहून आली होती आणि तिचा हेतू स्वच्छ होता.

येताना तिनं वर्षभर मुरवलेलं चीज आणलं होतं. तिकडं वर्षाचं जुनं दूध कौतुकानं कापून खातात; इथं ग्लासातला फेस बसला तरी गिऱ्हाईक म्हणतं, शिळं हाय.

कडेला अमरसिंह व्यापारी टेम्पो घेऊन उभा होता. आज धार निघाली नाही तर म्हैस त्याला द्यायची, असं मुलानं तिकडून फोनवर ठरवलं होतं. तिकडं गाई आपणहून चालत धारेच्या यंत्रापाशी जातात, हेही सांगितलं होतं. आपल्याशिवाय अंबूबाईची वाट बघणारी घरात ती म्हैस एकटीच आहे, हे काही गुंडूला फोनवर सांगता आलं नाही.

गुंडूनं कास धुतली, आंबोणाची पाटी पुढं सरकवली, सड ओढले. म्हैस आकसली, पान्हा सोडेना. गिऱ्हाइकं रिकामे ग्लास घेऊन शेजारच्या म्हशीकडं वळली.

"तात्या, किती ताणताय?" अमरसिंह म्हणाला. "सोडा की दावं."

"बाबा, माझ्यामुळं झालं हे," निशिगंधा पुटपुटली.

"थांब जरा."

धार काढताना अंबूबाई म्हशीशी बोलायची. काय बोलायची ते कट्ट्याला पाठ होतं. गुंडूला मात्र तिच्या दिवसकार्याला लोकांनी सांगितलं, तेव्हा कळलं.

त्यानं म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलं, आवाज बारीक केला.

"बघ बाई, आमचं ध्यान घरात घोरतंय. लगीन झाल्यापास्नं कवा च्याचा कप हिसळला न्हाय."

शेजारी कुणाचा तरी ग्लास ओठापाशी थांबला. म्हशीनं कान मागं वळवला.

"तू हायस म्हनून बोलते. त्याच्यासंग काय बोलू? त्याला ऐकायला येतंय कुठं?"

बादलीत पहिली धार वाजली.

अमरसिंहानं रिकामाच टेम्पो सुरू केला. गिऱ्हाइकं परतली, पण ग्लास पुढं करायला कुणी घाई केली नाही. गुंडूनं बायकोचं एकही बोलणं गाळलं नाही. बादली भरेपर्यंत तो बोलत राहिला, आणि मान खाली घालून पहिल्यांदाच सगळं ऐकून घेत होता.