आकेलोसाठी रडायला

एडिनबऱ्याच्या लीथ भागातल्या एका जुन्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सुप्रभा ट्रेनिंग द्यायची. पुणं सोडून या शहरात तिची निम्मी हयात गेली होती. शहराच्या कौन्सिलमधली सोशल वर्करची नोकरी सोडून ती एका छोट्या संस्थेत रुजू झाली होती. ज्या देशांत दोन बायकांनी किंवा दोन पुरुषांनी एकमेकांवर प्रेम करणं हाच गुन्हा, त्या आफ्रिकी देशांतून नव्यानं उभे राहिलेले कार्यकर्ते संस्था बोलावून घ्यायची. पोलीस चौकीत काय बोलायचं, काय नाही बोलायचं, कोणी मागावर असेल तर कसं ओळखायचं, घाबरलेल्या माणसाशी फोनवर कसं बोलायचं, हे सगळं सुप्रभा शिकवायची.

फ्लॉरेन्स आकेलो आली ती उत्तर युगांडातल्या गुलूहून. तिशीच्या आतली, उंच, हसताना तोंडावर हात धरणारी. तिच्या हॉस्टेलचं हीटिंग बिघडलं म्हणून सुप्रभानं तिला आपल्या घरीच आणलं. सुप्रभाच्या नवऱ्याशी, विनयशी, तिची लगेच गट्टी जमली. रात्रीच्या वरणभातावर ती इतकं लिंबू पिळायची, की विनय म्हणायचा, "अगं, हे वरण आहे की सरबत?"

आईचा विषय निघाला की मात्र ती गप्प व्हायची. एकदा भांडी पुसताना म्हणाली, "आँटी, आई माझ्याशी बोलत नाही. पण मी गुलूत असले की गावाहून बसवाल्याबरोबर तिळाचं वाटण पाठवते. डबा रिकामा परत गेला की तिला कळतं, मी जिवंत आहे."

ट्रेनिंग संपत आलं तेव्हा सुप्रभाला राहवलं नाही. "इथेच राहा," ती म्हणाली. "आश्रय मागू, असायलमचा अर्ज करू. मी वकील बघते. तिकडे आता कायदा किती कडक झालाय, तुला माहीत आहे."

आकेलो बराच वेळ टेबलावर बोट फिरवत राहिली. "तुम्ही मला एवढं शिकवलंत ते काय इथं बसून राहायला?"

शेवटी सुप्रभानंच तिला ट्रामनं एअरपोर्टला सोडलं. मिठी मारताना आकेलोच्या जॅकेटला फोडणीचा वास येत होता.

ऑगस्टमध्ये ओपियोचा फोन आला. ओपियो म्हणजे आकेलोचा तिथला सहकारी. त्याचं पहिलं वाक्यच सुप्रभाला कळेना, इतका तो रडत होता. कोणीतरी चुगली केली म्हणून पोलिसांनी दोन मुलांना उचललं होतं. आकेलो त्यांना सोडवायला चौकीवर गेली. आत ती नीट बोलली, जामिनाचं ठरवूनही घेतलं. बाहेर तोवर गर्दी जमली होती. कोणीतरी तिला ओळखलं. पहिला दगड कोणी मारला ते कोणालाच सांगता येईना. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत ती गेली होती.

सुप्रभा स्वयंपाकघरात उभीच राहिली. विनयनं तिच्या हातातून फोन काढून घेतला. "बस, सुप्रभा. बस ना जरा."

"मी तिला आत कसं बोलायचं ते शिकवलं, विनय," ती म्हणाली. "बाहेर येणं नाही शिकवलं."

"ते कोणाला शिकवता येतं?"

त्यानं म्हटलं ते खरं होतं. पण खरं असूनही तिला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

आकेलोच्या गावच्या पास्टरनं मातीला यायला नकार दिला. भाऊही आले नाहीत. ओपियो आणि चार-पाच मैत्रिणींनी मिळून तिला पुरलं. रविवारी दुपारी ओपियोनं पुन्हा फोन लावला. "तिची आई आलीय," तो म्हणाला. "तिला तुमच्याशी बोलायचंय. तिचं बोलणं मी इंग्रजीत सांगतो तुम्हाला."

पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला. मग एक जाडसर, थकलेला आवाज अचोली भाषेत काही बोलला.

"आई विचारतेय, तुमच्या घरी ती पोटभर जेवायची का?"

"हो," सुप्रभा म्हणाली. "दोनदा वाढून घ्यायची."

"तिला घरात ठेवायची तुम्हाला लाज नाही वाटली का?"

"नाही. माझ्या घरात तिच्यामुळे हसू होतं. सांग त्यांना."

ओपियोनं सांगितलं. नंतर आईचा आवाज आला, पूर्वीपेक्षा बारीक. ओपियोला ते सांगताना अडखळायला झालं. "ती म्हणतेय, पास्टरनं तिला रडायला बंदी केलीय. अशा मुलीसाठी अश्रू ढाळणं पाप आहे म्हणे. गावात तिला रडता येत नाही. तुमच्यासमोर रडली तर चालेल का?"

सुप्रभानं फोन दोन्ही हातांनी धरला. "आई, रडा," ती चक्क मराठीतच म्हणाली. ओपियोला ते कळायचं कारण नव्हतं, पण त्यानं काही विचारलं नाही. पलीकडून आधी एक हुंदका आला आणि मग हंबरडाच फुटला. इकडे सुप्रभा फरशीवर भिंतीला टेकून बसली आणि त्या बाईबरोबर रडत राहिली. ओपियो तसाच लाइनवर थांबला. विनय दारापर्यंत आला आणि मागे फिरला.

ती दोन मुलं सुटली. एक केनियात पोचल्याचं कळलं, दुसऱ्याचा काही पत्ता नाही. हॉलमध्ये पुढचं ट्रेनिंग ठरल्याप्रमाणे सुरू झालं. सुप्रभानं महिनाभर रजा मागितली होती, मग ती स्वतःच रद्द केली. पहिल्या दिवशी मलावीहून आलेल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, भीती वाटली तर काय करायचं?"

पूर्वी या प्रश्नाला सुप्रभाकडे उत्तर असायचं. आता ती त्या मुलीच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. "मलाही वाटते," ती म्हणाली.