दर मंगळवारचा परदेश

रमिलानं फर्मान काढलं आणि घरात नुसता गोंधळ उडाला. फर्मान असं होतं: प्रांतसाहेबांपुढं चौकशी होईपर्यंत आबांनी घरात फक्त शाळेतली मराठी बोलायची. अहिराणीचा एक शब्द तोंडून गेला की विहिरीवरून एक घागर पाणी आणायचं.

“आनि दुकानवर गिऱ्हाईक उनं तर?” आबांनी घाबरून विचारलं.

“‘उनं’ नाही, ‘आलं’. झाली एक घागर.”

माय चुलीपाशी बसून पदरात तोंड लपवून हसत होती. “बरं व्हयनं वं पोरी, मन्हं पाणी भरानं काम तरी गयं!”

मायला शिक्षा नव्हती, कारण चौकशी मायची नव्हती. चौकशी होती चुनीलाल शिंप्याची, म्हणजे रमिलाच्या आबांची, आणि ती कशासाठी हे त्या हिवाळ्यात सगळ्या नवापूरला ठाऊक होतं.

चुनीलालचा थोरला भाऊ दोधू मोंबासाला होता. पंधरा वर्षांपूर्वी आगबोटीनं गेला, आता तिथं त्याचं कोट शिवायचं मोठं दुकान होतं. दिवाळीत त्याचं पत्र आलं. हाताखाली घरचा माणूस हवा, बायकापोरीला घेऊन निघून ये. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ होती, ती रमिलानं इतक्यांदा वाचली की घडीवरची शाई पुसट झाली: ‘येथे मुलींची मोठी शाळा आहे, मॅट्रिकपर्यंत शिकवितात.’

नवापूरची शाळा सातवीला संपत होती. रमिला सहावीत होती, वर्गात पहिली, आणि गेल्या गणेशोत्सवात तिनं पन्नास माणसांपुढं न अडखळता भाषण केलं होतं. तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं की आपल्याला जगात काहीही जमेल. मायला मात्र वेगळंच वाटत होतं. शहाद्याकडच्या ब्राह्मणपुरीहून एका घरची मागणी आली होती. माणसं चांगली, मुलगा धडधाकट, घरी दोन मशिनी. मायनं साफ सांगून टाकलं होतं, “मोंबासा व्हयनं तर तुन्ही शाळा. नही व्हयनं तर येत्या वैशाखमां ब्राह्मणपुरी.”

मोंबासासाठी पासपोर्ट लागतो, आणि पासपोर्टासाठी माणूस कोणाची तरी प्रजा असावा लागतो. इथंच सगळं अडलं. आबांचा जन्म सोनगडकडचा, गायकवाडी संस्थानातला, म्हणजे इंग्रजी मुलखाबाहेरचा. नऊ वर्षांचे असताना मामाचं बोट धरून ते नवापूरला आले ते इथलेच झाले. इथंच सुई धरायला शिकले, इथंच लग्न झालं. पण कचेरीत गेले तर कारकून म्हणाला, तुम्ही गायकवाडी, आम्ही पासपोर्टाला हात लावणार नाही. मग सोनगडला गेले. तिथला कारकून दप्तर उलटंपालटं करून म्हणाला, असल्या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. आबा परत येताना गाडीत म्हणाले, “रमिला, मी शे का नही शे, तेच समजत नही.”

तेव्हा कचेरीबाहेर चिंचेखाली बसणाऱ्या भाईदास अर्जनविसानं वाट दाखवली. कायदा आहे म्हणाला. इकडं पुष्कळ वर्षं राहिलेल्या माणसाला अर्ज करून ब्रिटिश प्रजा होता येतं. चालचलणूक चांगली हवी, मुक्काम इथला हवा आणि देशातली एक मोठी भाषा नीट यायला हवी. “भाषेच्या रकान्यात काय लिहू?” असं भाईदासनं विचारल्यावर आबांनी तोंड उघडायच्या आत रमिला म्हणाली, “मराठी लिहा, काका. मी आहे ना शिकवायला!”

म्हणून ते फर्मान.

आबा रोज संध्याकाळी पाटीपुढं बसत आणि तिसरीच्या पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचत. मशीन चालवताना पाय जसा लयीत हलतो तसा वाचतानाही हलायचा. शेजारचा भटू भाड्याची बैलगाडी हाकायचा. तो मुद्दाम ओट्यावर येऊन बसायचा.

“काय चुनीभाऊ, आख्खा देश म्हनस सरकार जावो, आनि तू सरकारना घर मां घुसी ऱ्हायना?”

“सरकार जाईल तेव्हा जाईल, भटू,” आबा सावकाश, एकेक शब्द काजासारखा घालत म्हणाले. “तोवर आगबोट सुटून जाईल.”

रमिलानं टाळ्या वाजवल्या. एकही घागर नाही!

पौषात प्रांतसाहेब दौऱ्यावर आले. कचेरीशेजारच्या आंबराईत तंबू लागले, घोडे बांधले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चुनीलालच्या नावाचा पुकारा झाला. आबांनी स्वतः शिवलेला पांढरा कोट घातला होता. भाईदास कागदांचा गठ्ठा घेऊन पुढं, त्यामागं आबा, त्यामागं साक्षीला आलेले पोलीस पाटील उदेसिंग, आणि सगळ्यांत शेवटी रमिला. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पण कोणी नकोही म्हटलं नव्हतं.

प्रांतसाहेब साताऱ्याकडचे होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी आबांपुढं वर्तमानपत्र सरकवलं. आबांनी वाचलं. कापूस, रेल्वे, मुंबई इलाखा, सगळं वाचलं, फक्त जरा हळू. रमिला मनातल्या मनात प्रत्येक शब्द त्यांच्याबरोबर म्हणत होती.

“आता मला सांगा,” साहेब म्हणाले, “बंडी कशी शिवतात?”

हे पुस्तकात नव्हतं! आबांनी एकदा रमिलाकडं पाहिलं. मग हात हवेत गेले, कापड आलं, कात्री आली, आणि जीभ सुटली. “पहिले माप लेवानं साहेब, खांदा पासून. मंग कापड उलटं करानं, आनि बगल मां ढील ठेवानी, नहीतर माणूस हात वर करस आनि बंडी फाटस!” आबांनी हात वर करून दाखवला. त्यांच्याच कोटाच्या बगलेत ‘टर्र’ झालं.

मग साहेब इतके हसले की चष्मा हातात घ्यावा लागला. “समजलं, समजलं. लहानपणी, सोनगडला, घरात कोणती भाषा होती तुमची?”

“गुजराती, साहेब.”

“मग तीच लिहायची होती की! गुजराती चालते कायद्याला. मराठीचा हट्ट कोणी केला?”

भाईदासनं मागं पाहिलं. पाटलानं मागं पाहिलं. रमिला तंबूच्या खांबाकडं पाहू लागली. महिनाभरात आबांनी एकोणसत्तर घागरी वाहिल्या होत्या.

“बरं, ते झालं,” साहेबांनी पुढचा कागद उचलला. “आता मुक्कामाचं. अर्जाआधीचे सलग बारा महिने अर्जदार ब्रिटिश मुलखात राहिलेला पाहिजे. चुनीलाल, या वर्षभरात तुम्ही हद्दीबाहेर गेला होतात का?”

आबा आता निवांत झाले होते. अवघड ते संपलं असं त्यांना वाटलं. ते खुशीत म्हणाले, “हा साहेब. दर मंगयवारले जास. एक मंगयवार चुकाडा नही.”

कारकुनाचा टाक थांबला. भाईदासनं डोळे मिटून घेतले.

मंगळवारचा बाजार हद्दीपलीकडं भरायचा, दोन कोसांवर, गायकवाडी गावात. निम्मं नवापूर तिथं मिरच्या, दोर, कोंबड्या आणायला जायचं. आबा कापडाचं गाठोडं घेऊन जात, झाडाखाली बसून बायांच्या चोळ्या बेतत. वाटेत एक दगड होता, त्याच्या अलीकडं एक राज्य आणि पलीकडं दुसरं. त्या दगडावर लोक बिडी ओढायला बसत. अर्ज लिहिताना भाईदासला, रमिलाला, कोणालाच त्या बाजाराची आठवण झाली नव्हती. बाजाराला जाणं म्हणजे परदेशी जाणं, हे कुणाच्या डोक्यात येणार?

“दर मंगळवारी,” साहेब सावकाश म्हणाले. त्यांचं हसू मावळलं होतं. “म्हणजे वर्षात पन्नास वेळा हा मनुष्य मुलूख सोडून गेला. आणि अर्जात तुम्ही लिहिलंय, ‘एक दिवसही बाहेर गेलेला नाही’. अर्जनवीस, हे खोटं झालं.”

“साहेब, चूक... माझी नजरचूक...” भाईदास कागद चाचपू लागला.

“हा अर्ज मी वर मुंबईला कसा पाठवू? पहिल्याच शंकेला परत येईल.”

आबांचा चेहरा पार उतरला. खरं बोललो त्यात काय चुकलं, हे त्यांना कळत नव्हतं. आणि रमिलाला त्याच क्षणी ब्राह्मणपुरीचं ते घर दिसलं, दोन मशिनी, वैशाख, सगळं. तिचं तोंड आपोआप उघडलं.

“साहेब, मी एक विचारू?”

कारकून खेकसला, “ए पोरी!” साहेबांनी हात वर केला. “विचार.”

“तुम्ही कुठं राहता?”

भाईदासनं कपाळावर हात मारला.

“धुळ्याला,” साहेब म्हणाले.

“पण दोन रात्री तुम्ही इथं तंबूत झोपलात. परवा तुमचा मुक्काम साक्रीला आहे, शिपाईमामांनी सांगितलं. महिना झाला, धुळ्याच्या घरी तुम्ही गेलाच नाहीत. मग आता तुमचं राहणं कुठलं? साक्रीचं?” रमिलाला दम लागला होता, पण गाडी उतारावर लागली होती. “कुणी पत्र पाठवलं तर धुळ्यालाच पाठवणार ना? आबा तर मंगळवारी सकाळी जातात आणि दिवेलागणीला घरी. जेवायला घरी, झोपायला घरी. ते तुमच्यापेक्षा जास्त घरी असतात, साहेब!”

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे ते बोलून झाल्यावर तिला कळलं.

साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग ते पाटलाकडं वळले. “पाटील, हा दिवेलागणीला परत येतो हे खरं?”

उदेसिंग पाटील पुढं सरसावले. मिशीवर ताव दिला. “सोळा आणे खरं, सरकार. मी सोताच संगे ऱ्हास ना.”

“तुम्ही? तुम्ही कशाला जाता पलीकडं?”

“बाजारले, सरकार. आनि मन्ही म्हैस दररोजच जास, तिकडे चारा चांगला शे.”

“अहो पाटील! तुम्ही सरकारी नोकर, आणि दर आठवड्याला परमुलखात?”

पाटलांचा हात मिशीवरच राहिला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते चाचरत म्हणाले, “सरकार, त्या दगडले पार करीसन गया तरी माले कधी परमुलूख लागना नही. तिकडनी मिरची बी आपलीच लागस.”

आता कारकूनसुद्धा हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांच्या गालाला खळी पडली होती, ती रमिलानं पाहिली. त्यांनी कारकुनाला कायद्याचं बाड मागितलं, पान काढलं, बोट ठेवून वाचलं. तंबूबाहेर घोडा फुरफुरला. आबांच्या बगलेतून फाटका धागा लोंबत होता आणि रमिला त्या धाग्याकडं बघत राहिली, कारण दुसरीकडं बघायची हिंमत नव्हती.

“‘राहणे’ असा शब्द आहे,” साहेब अखेर म्हणाले. “‘पाऊल बाहेर न टाकणे’ असा नाही. लिहा. अर्जदार दर आठवड्यास बाजाराकरिता हद्दीपलीकडे जातो व त्याच दिवशी घरी परततो. पोलीस पाटील यांची साक्ष घेतली. मुक्काम अखंड नवापूर येथेच आहे असे माझे मत. आणि अर्जनवीस, अर्जातलं ते खोटं वाक्य खोडून खरं लिहा, त्याखाली अर्जदाराची सही घ्या. खरं लिहिलेला अर्ज परत येत नाही.” मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, “मुलगी कितवीत आहे?”

“सहावीत, साहेब.”

“वकील करू नका हिला. कोर्टात मला हिच्यापुढं बसावं लागेल.”

बाहेर आल्यावर आबा आंब्याच्या बुंध्याशी मटकन खाली बसले. रमिलाला वाटलं, रडतायत की काय. पण ते हसत होते, पोट धरून, आवाज न करता. “साहेबले सांगस, तू घरी ऱ्हास नही! माय वं माय!”

“आबा, घागर,” रमिला म्हणाली, आणि मग तिलाच रडू फुटलं.

पुढचं सगळं मुंगीच्या चालीनं झालं, पण झालं. वैशाख आला तरी कागद आला नव्हता, तेव्हा मायनंच ब्राह्मणपुरीच्या माणसांना दिवाळीपर्यंत थोपवून धरलं. ज्येष्ठात मुंबईहून दाखला आला. आबांनी कचेरीत शपथ घेतली, गुजरातीत, आणि ती इतकी खणखणीत की बाहेर चिंचेखाली ऐकू आली. मग पासपोर्टाचा अर्ज. नंदुरबारला जाऊन फोटो काढायचा होता. मायनं जन्मात फोटो काढला नव्हता. काळ्या कापडाखाली डोकं घातलेल्या फोटोवाल्याला पाहून ती म्हणाली, “हाऊ बाबा कोठे लपी ऱ्हायना?” आणि नेमकं तेव्हाच खटका दाबला गेला. पासपोर्टावर मायचं तोंड अर्धं उघडं राहिलं ते कायमचंच. अर्जात ‘ओळखीची खूण’ असा रकाना होता. आबांनी उजव्या तर्जनीला सुया टोचून पडलेले ठिपके दाखवले आणि भाईदासनं ते जसेच्या तसे लिहिले.

भाद्रपदात रजिस्टर पोस्टानं पासपोर्ट आला. गडद निळं, कडक पुठ्ठ्याचं पुस्तक. आबांचं नाव, मायचं नाव, आणि खाली मुलांच्या जागी एकच नाव, रमिला, वय वर्षे चौदा. मायनं हात धुऊन पुसून ते हातात घेतलं. आपला तोंड उघडा फोटो पदरानं हळूच पुसला. मग म्हणाली, “ब्राह्मणपुरीले निरोप धाडना पडी. पोर जाई ऱ्हायनी म्हनीसन.”

दुसऱ्या दिवशी रमिला शाळेत गेली ती थेट मास्तरांच्या टेबलापाशी. शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. मास्तरांनी छापील कागद काढला, नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, वर्तणूक ‘चांगली’ लिहिली आणि पुढच्या रकान्यावर सवयीनं टाक टेकवला. शाळा सोडण्याचे कारण. या वर्षी तिच्या वर्गातल्या तीन मुलींच्या कागदांवर त्यांनी तिथं एकच शब्द लिहिला होता.

“मास्तर, थांबा!” रमिला टेबलावर ओणवी झाली. “लग्न नाही.”

“मग काय लिहू?”

“पुढील शिक्षण. आणि कंसात मोंबासा लिहा.”

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं, टाक दौतीत नीट बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं. शाई वाळायला वेळ लागत होता. रमिलाला धीर नव्हता. तिनं गाल फुगवले आणि कागदावर जोरात फुंकर मारली.